दगडांना चकाकी आणायचा छंद: पहिला घाणा कसा लावू?

नववी_गल्ली

रॉक टंबलिंग सुरू करायचं आहे. ड्रममध्ये दगड, पाणी आणि पावडर घालून आठवडेच्या आठवडे फिरवायचं आणि गुळगुळीत, चकचकीत खडे काढायचे, तो प्रकार. दीड किलोच्या रबरी ड्रमचं छोटं मशीन मिळतंय, सोबत पावडरीच्या चार पुड्या. पुड्या संपल्यावर पुढे काय, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कोल्हापूरच्या आसपास चालण्यासारखे दगड मिळतात का, की सगळा काळा पाषाणच? पावडर इथे मिळेल का? राजारामपुरीत फ्लॅट आहे, महिनाभर मशीन चालू ठेवलं तर आवाज आणि बिल किती? व्हिडिओत चार टप्पे चार आठवड्यांत उरकतात, ते खरं धरायचं का? प्रमाण ग्रॅममध्ये सांगा, पाउंड आणि टेबलस्पून नको.

गारगोटीवाला

आधी दगडांचं बोलू. घाणा चांगला निघणार की वाया जाणार हे निम्मं तिथेच ठरतं.

आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांमागचा लाव्हा. तो टंबलरला फारसा उपयोगाचा नाही. त्यात दोन-तीन प्रकारची खनिजं मिसळलेली असतात, प्रत्येकाची झीज वेगळी, त्यामुळे पृष्ठभाग कधी एकसारखा होत नाही. अगदी बारीक कणांचा, घट्ट तुकडा असेल तर मंद तकाकी येते, आरसा होत नाही. भोकं असलेला तर घेऊच नका, प्रत्येक भोकात पावडर अडकून बसते. जांभा चिखल करतो.

मात्र याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत जे साठलं ते कामाचं आहे: गारगोटी, अकीक, स्फटिक, लाल-पिवळा जास्पर. दगड झिजून मातीत गेला तरी हे टिकतात. म्हणून नदीच्या गोट्यांत, नांगरट झालेल्या माळरानाच्या शेतात आणि नव्या विहिरीच्या मुरमाच्या ढिगात ते वर आलेले दिसतात. शेतमालकाला विचारून उचला, बहुतेक जण हसून परवानगी देतात. पंचगंगा, भोगावती, कृष्णेच्या काठी पावसाळ्यात काही हाती लागणार नाही. पाणी उतरल्यावर, जानेवारी ते मे, गोट्यांचे पट्टे उघडे पडतात. क्रशरची खडी शोधत बसू नका, ती सगळी फोडलेला बेसॉल्ट असते.

परीक्षा सोप्या आहेत. काचेच्या बाटलीवर दगडाचा कोपरा दाबून ओढा. स्पष्ट चरा उमटला आणि उलट चाकूच्या पोलादाने दगडावर काहीच उमटलं नाही, तर काठिण्य (१ ते १० च्या मोहस मापावर) सातच्या आसपास आहे, घ्या. मोबाईलचा टॉर्च मागे धरल्यावर कडेने उजेड झिरपला आणि तुटलेली बाजू मेणासारखी दिसली, तर अकीक किंवा त्याचाच भाऊबंद. पांढरा आणि सुंदर आहे पण चाकूने खरवडला जातो, तर त्या भुकटीवर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर कॅल्साइट, काठिण्य ३. बुडबुडे नाहीत आणि मोत्यासारखी झाक आहे तर बहुधा झिओलाइट, बेसॉल्टच्या पोकळ्यांतच वाढणारी मऊ खनिजं. स्टिलबाइट, ह्युलँडाइट साडेतीन-चारच्या घरात असतात. ते फोडून-घासून वाया घालवू नका, तसेच कपाटात शोभतात.

हे इतकं तपासायचं कारण म्हणजे एका ड्रममध्ये एकाच काठिण्याचे दगड लागतात. मऊ दगड कठीण दगडांत टाकला तर आठवड्यात तो गोळीएवढा होतो, वर त्याच्या चिखलाने पावडरीची धार मारली जाते.

आणखी एक. राधानगरी अभयारण्यातून आणि वनखात्याच्या हद्दीतून काही उचलू नका. १९२७ च्या वन कायद्यात जंगलातले दगड आणि खनिजंही वनोपजात मोडतात. पन्हाळ्यासारख्या किल्ल्यांवरून तर नाहीच. पहिल्या घाण्यापुरता खात्रीचा माल हवा असेल तर गुजरातमधल्या खंबातहून कच्चा अकीक मागवा. तिथे अकीक घडवण्याचा धंदा जुना आहे, किलोवर माल मिळतो.

तांबडा_पांढरा

गारगोटीवाल्यांशी सहमत. आता ड्रम भरण्याचं.

सर्वांत मोठा दगड ३ ते ४ सेंटिमीटर, असे तीन-चारच. बाकी निम्म्याहून जास्त माल चिंचोक्यापासून सुपारीएवढा. फक्त मोठे भरले तर मधल्या जागा रिकाम्या राहतात आणि दगड एकमेकांवर घसरण्याऐवजी आदळतात. ड्रम दोन तृतीयांश ते पाऊण भरायचा, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. मशीनवर ‘दीड किलो’ लिहिलेलं असतं ते ड्रम, पाणी, दगड सगळं धरून. प्रत्यक्ष दगड ८००-९०० ग्रॅमच बसतात. जास्त कोंबलं की मोटर तापते, बेल्ट घसरतो. चीर गेलेला दगड आधीच हातोडीने फोडा, फडक्यात गुंडाळून आणि डोळ्यांना गॉगल लावून. चिरेत अडकलेला जाड दाणा नेमका पॉलिशमध्ये सुटतो आणि सगळ्या घाण्यावर ओरखडे काढतो.

पावडर सिलिकॉन कार्बाइडची. एक किलो दगडांना ७० ते ८० ग्रॅम, पाणी वरच्या थराच्या जरा खालपर्यंत. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक: पहिला टप्पा ८० नंबर, दुसरा २२०, तिसरा ६००, चौथा पॉलिश. प्रत्येकी सात दिवस हा हिशेब दुसऱ्या टप्प्यापासून पुढे ठीक आहे. पहिल्याला मुदत नसते. सात दिवसांनी ड्रम उघडा, धुवा, दगड कोरडे करून बघा. ज्यावर खड्डा, कोपरा किंवा सालपट उरलेलं नाही तेवढेच बाजूला काढा. बाकीचे नव्या ८० नंबरमध्ये परत, जोडीला नवे दगड. जुनी पावडर पुन्हा वापरून उपयोग नाही, आठवड्यात तिचा चिखल झालेला असतो. नदीतले गोटे एका फेरीत होतात, फोडलेल्या गारगोटीला तीन-चार फेऱ्या सहज लागतात. या टप्प्यात वजनाचा पाचवा-चौथा हिस्सा जातो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. व्हिडिओतले चार आठवडे म्हणजे पहिल्या फेरीतच दगड तयार झाले असं धरून केलेलं गणित आहे. पहिल्या टप्प्यात राहिलेला खड्डा पुढचा कोणताही टप्पा भरून काढत नाही.

दुसऱ्या टप्प्यापासून घाणा कमी भरतो. ती जागा सिरॅमिकच्या छोट्या नळकांड्यांनी भरायची, कारखान्यांत धातूचे भाग थरथरत्या मशीनमध्ये घासून गुळगुळीत करायला (व्हायब्रो फिनिशिंग) वापरतात त्याच. प्लास्टिकचे दाणे ८० नंबरमध्ये वापरले असतील तर ते पुढे नेऊ नका, त्यांच्यात दाणा रुतून बसतो.

टप्पा बदलताना दगड, ड्रम, झाकण, झाकणाची खाच, सगळं जुन्या टूथब्रशने धुवायचं. मग पावडरीऐवजी अर्धा चमचा किसलेला अंगाचा साबण आणि पाणी घालून तासभर फिरवायचं आणि परत धुवायचं. पॉलिशसाठी वेगळा ड्रम परवडत असेल तर घ्याच.

पॉलिश झालं की नाही हे ओल्या दगडावरून ठरवू नका, ओला दगड नेहमीच छान दिसतो. पुसून, पंख्याखाली वाळवून बघा. कोरडा आणि ओला सारखाच दिसला तर झालं. कोरडा झाल्यावर धुरकट दिसला तर ६०० नंबर पुन्हा.

कडांवर पांढरी चंद्रकोरीसारखी खूण दिसली तर दगड आपटतायत: ड्रम कमी भरलाय किंवा पाणी जास्त झालंय. सगळीकडे बारीक ओरखडे दिसले तर मागच्या टप्प्याचा दाणा आलाय. एक बाजू सपाट झाली तर ड्रम फिरत होता पण माल आत उलटत नव्हता, जास्त भरला असणार.

उद्यमनगरी

पावडर कोल्हापुरात मिळते की! उद्यमनगरात ग्राइंडिंग व्हील आणि फाउंड्रीचं सामान विकणाऱ्यांकडे ‘कार्बोरंडम पावडर, नंबर ८०’ असं मागा (कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच), टंबलिंग म्हणालात तर तोंडाकडे बघत बसतील. सुटी किलोवर घ्या, छंदवाल्यांच्या पुडीपेक्षा बरीच स्वस्त पडते. पॉलिशसाठी अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड, साधारण १ मायक्रॉन. फाउंड्रीच्या लॅबमध्ये धातूचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याआधी हीच पावडर वापरतात, त्या लॅबना माल देणाऱ्यांकडे विचारा. नाहीच मिळाली तर काचेच्या कडा पॉलिश करणाऱ्यांकडची सिरियम ऑक्साइडही चालते.

व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट घेऊ नका. तीही कार्बोरंडमच, पण ग्रीसमध्ये कालवलेली. ड्रममध्ये पाण्याशी जमत नाही आणि धुता धुता नाकी नऊ येतात.

मशीनचं म्हणाल तर विकत कशाला? ६ इंची पीव्हीसी पाइपचा ८ इंच लांब तुकडा, आतून ट्रकच्या ट्यूबचं अस्तर. खाली २० मिमीच्या दोन शाफ्ट, त्यावर रबरी नळी चढवून रूळ २५ मिमीचा करायचा, यूसीपी २०४ ची (२० मिमी शाफ्टला बसणारी, स्टँडसकट) चार बेअरिंग. मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरवर २ इंची पुली, शाफ्टवर १० इंची, म्हणजे शाफ्ट २८८ फेऱ्यांवर. १ इंची रुळावर ६ इंची ड्रम म्हणजे ड्रम ४८ वर. या व्यासाला साधारण १०८ फेऱ्यांना माल भिंतीला चिकटून फिरायला लागतो, त्याच्या निम्म्याच्या आत राहायचं. ४५ ते ५० मध्ये माल लाटेसारखा घसरतो, तोच हवा.

तांबडा_पांढरा

उद्यमनगरी, जुळणी बरोबर, पण मोटर कोणती ते लिहा. पाव हॉर्सपॉवरची लावली आणि तिने पूर्ण १८५ वॅट ओढले तर २८ दिवसांत १२४ युनिट. अर्धा भार धरला तरी साठच्या वर. घराचं बिल १०० युनिटांचा टप्पा ओलांडून वरच्या दराला जातं, मग पावडरीत वाचवलेले पैसे महावितरणला. नववी_गल्ली यांचं छोटं मशीन २५ वॅटचं असेल तर सगळे चार आठवडे धरून १७ युनिट. घरी बनवायचंच तर २५-४० वॅटची गिअर मोटर शोधा. गाडीच्या वायपरची मोटर स्वस्त असते, वेगही जवळपास हवा तोच, पण ती रात्रंदिवस चालण्यासाठी बनवलेली नसते, कार्बन ब्रश लवकर झिजतात.

पहिल्या वर्षी तरी छोटं विकतचं मशीनच बरं, असं माझं मत.

उद्यमनगरी

बिलाचा मुद्दा मान्य. गिअर मोटर जुन्या बाजारात चाळल्यावर मिळते. मोठा ड्रम मात्र मीच म्हणेन, छोट्यात मोठा दगड फिरतच नाही.

नववी_गल्ली

सगळ्यांचे आभार. छोटंच घेते. अजून तीन शंका. फाउंड्रीची वाळू फुकट मिळते, पहिल्या टप्प्याला ती चालेल का? लाइट गेली तर घाणा बिघडतो का? आणि तो चिखल मोरीत ओतला तर?

गारगोटीवाला

वाळू नको. वाळू म्हणजे क्वार्ट्झ, काठिण्य ७, आणि तुमचा अकीकही साडेसहा ते सात. बरोबरीचा दाणा झीज करणार कशी? सिलिकॉन कार्बाइड नवाच्या वर आहे. शिवाय त्याचा दाणा फुटला की नवी धार निघते, म्हणूनच तो अॅल्युमिनापेक्षाही कच्च्या कामाला बरा. वाळूची आणि वाळलेल्या चिखलाची धूळ फुप्फुसाला वाईट. कोरडी पावडर मोजताना मास्क लावा आणि सांडलेला चिखल झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

लाइट दोन-चार तास गेली तर काही होत नाही. पावडर तळाला बसते, लाइट आल्यावर ड्रम हाताने चार वेळा उलटसुलट करून परत ठेवा. दिवसभर बंद राहिला तर चिखल घट्ट बसायला लागतो. गावाला जायचं असेल तर टप्पा अर्धवट असला तरी उघडून धुऊन ठेवा, दगड पाण्यात ठेवले तरी चालतात.

मोरीत अजिबात ओतू नका. पाइपच्या वळणात तो सिमेंटसारखा बसतो, आणि फ्लॅट असेल तर खालच्या मजल्यावरून आधी फोन येईल. सगळं धुवण बादलीत जमा करा आणि रात्रभर बसू द्या. वरचं नितळ पाणी झाडांना चालतं, साबणाचं मात्र नको. खालचा गाळ जुन्या वर्तमानपत्रात वाळवून कचऱ्यात टाका.

तांबडा_पांढरा

पहिल्या टप्प्यात दिवसाआड झाकण किंचित सैल करून हवा जाऊ द्या. काही दगडांमुळे आत गॅस धरतो, झाकण फुगतं, गळती लागते. फुगतच राहिलं तर चमचाभर खायचा सोडा घाला. झाकण लावताना कडेवर पावडरीचा एकही दाणा राहू देऊ नका, गळती बहुतेक वेळा त्यामुळेच होते. गळलेलं पाणी रुळावर गेलं की ड्रम जागीच घसरत राहतो, मोटर मात्र चालू.

आवाजाचं म्हणाल तर रबरी ड्रमचा आवाज बंद दाराआडून फारसा येत नाही. बाल्कनीत ठेवाल तर पावसाची झड लागणार नाही असं बघा. खाली जाड रबरी मॅट घाला, वरून खोकं झाकू नका, मोटरला वारा लागतो. बुशिंगला महिन्यातून तेलाचा एक थेंब द्या, पण रूळ आणि बेल्ट तेलापासून लांब ठेवा.