रात्री अचानक पोटात असह्य दुखू लागलं तर खेड्यातून पेशंटला नेमकं कुठे न्यायचं?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. गावी आई (५९, मधुमेह) आणि वडील (६६, बीपीची गोळी आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू) दोघंच असतात. प्राथमिक आरोग्य केंद्र ६ किलोमीटर, ग्रामीण रुग्णालय २३, सिव्हिल ७४, आणि मध्ये घाट. तालुक्याला तीन खासगी दवाखाने आहेत, त्यातल्या एकाच्या पाटीवर 'मल्टिस्पेशालिटी' लिहिलंय.

आमच्याकडे पोटदुखीचा प्रवास ठरलेला आहे. आधी ओवा आणि सोडा, मग गावातलं इंजेक्शन, सकाळी तालुक्याला सलाइन, दुपारी सोनोग्राफी आणि संध्याकाळी 'पुढे न्या'. यात सोळा-अठरा तास जातात. तेव्हा हे विचारायचंय: साधी पोटदुखी आणि धोक्याची पोटदुखी घरच्यांनी कशी ओळखायची? १०८ ला काय सांगायचं? कुठे न्यायचं हे कशावर ठरवायचं? आणि दवाखान्याने आधी पैसे मागितले किंवा घेतलंच नाही तर काय करायचं? दोघांना वाचता येईल असा एक कागद करून देव्हाऱ्याशेजारी चिकटवणार आहे.

सर्जरी_वॉर्ड

कुठे न्यायचं यापासून सुरुवात करतो, कारण वेळ सगळ्यात जास्त तिथेच वाया जातो. जवळचं रुग्णालय कोणतं हे विचारू नका. या क्षणी ऑपरेशन होऊ शकेल असं सगळ्यात जवळचं रुग्णालय कोणतं, हे विचारा. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघंही रात्री हजर असणं दुर्मिळ. ५० किंवा १०० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात शक्यता बरी. सिव्हिल आणि मेडिकल कॉलेजमध्ये ती खात्रीच्या जवळ जाते. तुमच्या घाटाच्या अलीकडे किंवा शेजारच्या तालुक्यात उपजिल्हा रुग्णालय आहे का, ते आधी शोधा. पुष्कळदा ते दुसऱ्या जिल्ह्यात असतं म्हणून कुणाच्या डोक्यातच येत नाही. सरकारी रुग्णालयाला जिल्ह्याची हद्द नसते.

फोनवर चारच गोष्टी विचारा: सर्जन आत्ता येतील का, भूल देणारे डॉक्टर येतील का, सोनोग्राफी किंवा सीटी रात्री होते का, रक्ताची सोय आहे का. पहिल्या दोनपैकी एकालाही 'सकाळी' असं उत्तर आलं तर ते ठिकाण फक्त सलाइन लावून पुढे पाठवण्यापुरतं आहे असं समजा. पाटीवर काय लिहिलंय याला रात्री दोन वाजता अर्थ नसतो. आणि भूलतज्ज्ञांबद्दल नक्की विचारा, लोक सर्जनपाशीच थांबतात.

आता ओळखायचं कसं. पेशंट कसा पडून आहे ते आधी बघा. मुतखड्याचा माणूस गडाबडा लोळतो, एका जागी राहू शकत नाही. कळ कमरेकडून जांघेत उतरते. जठराला किंवा आतड्याला भोक पडलेला माणूस उलट गुडघे पोटाशी घेऊन गपचूप पडतो. खाट हलली तरी दुखतं, खोकताना पोट धरतो. पोटावर हात ठेवला तर ते फळीसारखं टणक लागतं. गाडी खड्ड्यात आदळल्यावर जो कळवळतो, त्याच्या पोटातल्या आवरणाला सूज आली आहे असं धरून चालावं. अपेंडिक्स बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांनी उजवीकडे खाली सरकतो. वरच्या पोटातून आरपार पाठीत जाणारी आणि पुढे वाकल्यावर थोडी कमी होणारी कळ स्वादुपिंडाची असू शकते. राहून राहून कळा, उलट्या, पोट फुगलेलं आणि शौच तर नाहीच, पण वाराही सरत नाही, तर आतड्याला अडथळा आहे. अशा वेळी जांघेतली जुनी गाठ बघा. एरवी आत जाणारा हर्निया टणक होऊन बाहेरच अडकलेला असतो आणि पेशंट लाजेने सांगत नाही.

तुमच्या आईवडिलांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. वरच्या पोटात दुखणं, घाम आणि मळमळ ही हृदयविकाराचीही खूण असते, मधुमेहात तर छातीत न दुखताही. त्यामुळे चाळिशीनंतरच्या माणसाला बेंबीच्या वर दुखत असेल तर पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी झालाच पाहिजे. मागून घ्या. दुसरं, वडिलांना रक्त पातळ करणारी गोळी ठोके अनियमित असल्यामुळे दिली असेल, तर आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकण्याचा धोका असतो. तेव्हा पोट मऊ लागतं, तपासणीत विशेष सापडत नाही, पण माणूस वेदनेने तळमळतो. 'पोट तर मऊ आहे' म्हणून त्याला झोपवून ठेवलं की आतडं काळं पडतं. इथे साधी सोनोग्राफी भागवत नाही, शिरेत औषध देऊन सीटी करावा लागतो.

आणखी एक. छातीचा एक्स-रे उभं राहून किंवा बसून काढायला सांगा, त्याआधी पाच-दहा मिनिटं ताठ बसवा. भोक पडलं असेल तर हवा वर चढून छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली काळ्या चंद्रकोरीसारखी दिसते. आडवं झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये ती सुटते. हवा दिसली नाही म्हणजे भोक नाही, असंही नाही.

रात्रपाळी_सिस्टर

घरातल्या पहिल्या तासाबद्दल सांगते. खायला काही देऊ नका, चहा-दूधसुद्धा नाही. भूल द्यायची तर घन अन्नाला सहा तास उलटावे लागतात, त्यामुळे 'अशक्तपणा येईल' म्हणून भरवलेली दोन बिस्किटं अडचण करतात. ओठ ओले करायला घोटभर पाणी चालेल. एरंडेल, जुलाबाची गोळी, एनिमा अजिबात नको, आतडं अडलेलं असेल तर ते फुटू शकतं. पोट चोळून घेणं, बेंबी बसवून घेणं हेही नको. घरातली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन देऊ नका, अल्सर असेल तर त्या गोळ्याच घात करतात. आईंना मधुमेह आहे, म्हणून जेवण बंद असताना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या सवयीने देऊ नका. ग्लुकोमीटर असेल तर साखर बघून आकडा लिहा. साखर फार चढून रक्तात आम्ल वाढलं तरी पोटात जोरात दुखतं आणि उलट्या होतात.

पण वेदनाशामक इंजेक्शनने निदान झाकलं जातं म्हणून पेशंटला तळमळत ठेवणं ही जुनी पद्धत झाली. रुग्णालयात तपासून वेदना कमी केली तर निदान बिघडत नाही. बिघडतं ते गावात इंजेक्शन घेऊन, बरं वाटलं म्हणून घरी झोपल्यामुळे. तेव्हा इंजेक्शन घेतलंच असेल तर त्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या, नाहीतर रिकामी कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत आणा.

कागदावर या ओळी आधीच छापून ठेवा, म्हणजे फक्त भरायच्या राहतील: दुखणं किती वाजता सुरू झालं, कुठे सुरू झालं आणि आता कुठे आहे, उलटी किती वेळा आणि कोणत्या रंगाची (हिरवी, कॉफीसारखी, रक्ताची), शेवटची शौच, शेवटचा वारा, शेवटची लघवी, शेवटचं खाणं, चालू गोळ्या, जुनी ऑपरेशनं, कशाची ॲलर्जी. रात्रपाळीच्या डॉक्टरसमोर चार नातेवाईक एकदम बोलतात, त्यापेक्षा हा कागद दहापट कामाचा. रक्त पातळ करणारी गोळी लाल पेनने लिहा.

घरात पाळी येणारी बाई किंवा मुलगी असेल तर शेवटच्या पाळीची तारीखही लिहा. पाळी चुकलेली, खालच्या पोटात एका बाजूला दुखणं, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं, हे गर्भ नळीत राहून नळी फुटल्याचं लक्षण आहे. रक्त पोटात साचतं, बाहेर थेंबभरच दिसतं. लघवीची चाचणी पाच मिनिटांत होते. लग्न झालेलं नाही म्हणून ती टाळू नका आणि मुलीला विचारायचं ते सासू-आईला बाहेर थांबवून विचारू द्या. मुलगा खालच्या पोटात दुखतंय म्हणाला तर चड्डी उतरवून बघावंच लागतं. वृषणाला, म्हणजे गोटीला, पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांच्या आत सोडवावा लागतो.

डोंगरवाट_पीएचसी

वरच्या दोन्ही उत्तरांत न आलेली गोष्ट, जी खेड्यातच घडते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात कळा येतात म्हणून उठला, एक-दोन उलट्या झाल्या, तर मण्यार चावल्याचा संशय घ्या. मण्यारचे दात बारीक असतात. सूज नाही, वेदना नाही, बहुतेकदा खूणही दिसत नाही. पेशंटला वर बघायला सांगा. पापण्या अर्ध्यावरच राहतात, गिळताना ठसका लागतो, आवाज घोगरा होतो. अशा वेळी ७४ किलोमीटर थेट सिव्हिल गाठणं चूक आहे. आधी ६ किलोमीटरवरच्या आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या १० कुप्या सुरू करायच्या आणि मग श्वासाची सोय असलेल्या गाडीतून पुढे. नळीत २० मिनिटं रक्त गोठवून बघायची चाचणी मण्यारमध्ये नॉर्मलच येते, त्यावर विसंबून प्रतिविष थांबवू नये. नेहमीचा नियम इथे उलटतो म्हणून मुद्दाम लिहिलं.

पालघर, नंदुरबार, गडचिरोली या पट्ट्यातल्यांसाठी: सिकलसेलच्या (रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) पेशंटला रक्तवाहिन्या तुंबून पोटात अशाच भयंकर कळा येतात. सिकलसेलचं कार्ड सोबत हवं. मात्र कार्ड आहे म्हणून अपेंडिक्स नाहीच, असं कुणी ठरवू नये.

१०८ बद्दल. ही सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली, त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक होत्या. गाडीत डॉक्टर असतो, पैसे लागत नाहीत. फोनवर 'पोटात दुखतंय' एवढंच सांगू नका. असं सांगा: "वय ६६, दोन तासांपासून पोटात असह्य दुखतंय, पोट कडक आहे, घाम सुटलाय, उभं राहता येत नाही." मग तालुका, गाव, वस्ती आणि रात्री दिसेल अशी खूण. शाळा, पाण्याची टाकी, डांबरी रस्ता संपतो ती जागा. त्यानंतर तो फोन मोकळा ठेवा, गाडीचा पायलट, म्हणजे ड्रायव्हर, त्यावरच उलट फोन करतो. नातेवाईकांचे फोन दुसऱ्या नंबरवर. गाडीला तासभर लागणार असेल तर पायलटशी बोलून मधल्या नाक्यापर्यंत जीपने उतरवा, गाडी तिथेच गाठा. जीपमध्ये मधल्या सीटवर, गुडघे वाकवून कुशीवर. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणू नका.

रुग्णहक्क_कार्यकर्ती

पैशाबद्दल. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, तातडीच्या पेशंटला जीव वाचवण्यापुरता उपचार द्यावाच लागतो. १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या निकालात, खाट नाही म्हणत सरकारी रुग्णालयांनी पेशंट परत पाठवणं हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरला. पण रात्री काउंटरवर निकाल वाचून दाखवत बसू नका. त्याऐवजी शांतपणे म्हणा: "तुम्हाला दाखल करून घेता येत नसेल तर तपासून बीपी, नाडी, दिलेली औषधं आणि पुढे पाठवण्याचं कारण चिठ्ठीवर लिहून द्या, वेळ आणि सही टाकून." ही चिठ्ठी मागितली की पुष्कळदा आतून डॉक्टर बोलावले जातात.

एका कागदापासून जपा. सर्जन नाही म्हणून दवाखानाच पुढे पाठवतोय, पण सही मात्र 'आम्ही स्वतःच्या मर्जीने, सल्ल्याविरुद्ध नेत आहोत' या फॉर्मवर घेतली जाते. तो करू नका. संदर्भचिठ्ठी वेगळी, हा वेगळा. पुढच्या ठिकाणी आणि विम्याच्या वेळी हाच कागद आडवा येतो.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे आरोग्य केंद्रापासून सिव्हिलपर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं यात येत नाहीत. खासगीत जायचं तर ते महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे आजच १५५३८८ वर विचारून ठेवा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, रेशनकार्ड आणि आधार लागतं. रात्री कागद घरी राहिले तरी तातडीची नोंद फोनवरून करता येते, रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला तसं सांगा, कागद नंतर दिले तरी चालतात. काही ऑपरेशनं योजनेत फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, म्हणून 'या आजाराला इथे चालेल का' हे दाखल होतानाच विचारा. शहरातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत (वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत) आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत (३ लाख ६० हजारांपर्यंत). तातडीच्या पेशंटकडे त्यांनी अनामत रकमेचा हट्ट धरायचा नाही. तिथला समाजसेवा अधीक्षक गाठायचा, बिलिंगच्या खिडकीवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

घाटमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं. 'गॅस आहे' म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं तर?

सर्जरी_वॉर्ड

निघण्याआधी विचारा की पुन्हा कधी दाखवायचं आणि काय झालं तर लगेच यायचं. अपेंडिक्स पहिल्या काही तासांत पकडता न येणं यात डॉक्टरची चूक असतेच असं नाही, आजारच पुढे सरकून रूप दाखवतो. म्हणून बारा तासांच्या आत पुन्हा पोट तपासून घेणं हाही उपचारच आहे. घरी दर दोन तासांनी ताप, नाडी, लघवी झाली का आणि दुखणं कुठे आहे हे लिहा. नाडी मिनिटाला शंभरच्या वर राहते, उलट्या थांबत नाहीत, पोट फुगत चाललंय, ताप चढला, सहा-आठ तास लघवी नाही, यातलं एकही दिसलं तर परत न्या. आणि एक फसवी वेळ: जोराचं दुखणं काही तासांनी एकदम ओसरतं, पण माणूस मलूल आणि हातपाय गार. भोक पडलेल्या पेशंटमध्ये हा टप्पा येतो. घरचे 'बरं वाटलं' म्हणतात, आणि नाडी मात्र पळत असते. त्या वेळी घाट उतरायला लागा.