मदत हवी आहे: मास स्पेक्ट्रममध्ये १०८ चा पीक (शिखर) कुठून आला?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला अनोळखी संयुग ओळखायला दिलंय. रंगहीन द्रव, रेणुसूत्र सी९एच१०ओ२, म्हणजे असंपृक्ततेचा अंक (वलयं आणि दुहेरी बंध मिळून) ५. चार बेंझिन वलयात गेले, उरलेला एक कार्बोनिल.

आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) १७४० सेमी⁻¹ ला दणदणीत पट्टा, १२३० लाही तसाच. ३३०० कडे, जिथे ओएच दिसतो, एकदम सपाट. म्हणजे एस्टर, इथवर ठीक. प्रोटॉन एनएमआरमध्ये (हायड्रोजन कुठल्या परिसरात आहेत ते दाखवणारा वर्णपट) तीनच सिंगलेट (न फुटलेले संकेत), पीपीएममध्ये: ७.३ (५ प्रोटॉन), ५.१ (२) आणि २.१ (३).

माझी पार्टनर म्हणते मिथाइल फिनाइलअॅसिटेट. मला पटत नाही. तसं असतं तर ओसीएच३ ३.७ च्या आसपास दिसला असता आणि सीएच२ ३.६ ला. इथे सीएच२ थेट ५.१ वर गेलाय, म्हणजे त्याच्या एका बाजूला वलय आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. मी बेंझाइल अॅसिटेटवर ठाम आहे. (बाटली उघडताच जाईच्या फुलांसारखा वास आला, पण तो काही पुरावा म्हणून जर्नलमध्ये लिहिता येत नाही!)

अडलंय ते मास स्पेक्ट्रममध्ये (रेणू आणि त्याच्या तुकड्यांची वस्तुमानं दाखवणारा आलेख). १५० (अख्खा रेणू), ९१ (बेंझाइल) आणि ४३ (अॅसिटिल) समजले. पण सगळ्यात उंच पीक १०८ ला आहे. १५० मधून ४२ गेले, म्हणजे किटीन (सीएच२=सी=ओ) बाहेर पडून बेंझाइल अल्कोहोलचा आयन उरतो का? हायड्रोजन नेमका कुठून कुठे सरकतो? की नमुन्यातच बेंझाइल अल्कोहोल मिसळलंय? पण मग एनएमआरमध्ये ४.७ ला काहीतरी दिसायला हवं होतं, तिथे काहीच नाही.

कुणी ही यंत्रणा (रेणू टप्प्याटप्प्याने कसा तुटतो ते) इलेक्ट्रॉनच्या बाणांसकट समजावून सांगेल का? परवा व्हायवा आहे.