हिग्जचे भाऊबंद शोधायला नवीन मशीन पाहिजे का? मी म्हणतो पाहिजेच

जिनिंगवाला_पोट्टा: राजेहो, ४ जुलै २०१२ ले सर्न या युरोपातल्या कणसंशोधन केंद्रात हिग्ज नावाचा कण सापडल्याचं जाहीर झालं तवा मी बीएस्सीला होतो, हॉस्टेलात एकाच मोबाईलवर पाच जण डोकं खुपसून पाहत होतो. तेव्हापासून डोक्यात एकच, हा एकटाच आहे का याचे भाऊ पण आहेत? टू हिग्ज डब्लेट नावाची, हिग्ज एकापेक्षा जास्त आहेत म्हणणारी थिअरी खरी निघाली तर एकाचे पाच होतात, त्यात दोन चार्जवाले. आता सर्नचा ९१ किमीचा एफसीसी, चीनचा १०० किमीचा सीईपीसी, जपानसाठी आखलेला सरळ रेषेतला आयएलसी, असे इलेक्ट्रॉन अन् त्याचा उलट चार्जवाला जोडीदार पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवणारे कोलायडर चर्चेत आहेत. यातला एक तरी झालाच पाहिजे.

पऱ्हाटीवाला: कायले पायजे? एफसीसीचा पहिला टप्पाच १५ अब्ज स्विस फ्रँकच्या घरात. २०१५ ले एलएचसीत, म्हणजे सर्नच्या प्रोटॉन आदळवणाऱ्या मशीनीत, ७५० जीईव्हीवर (कणाची एनर्जी अन् वस्तुमान मोजायचं माप) नव्या कणासारखा उंचवटा दिसला, शेकड्यानं पेपर निघाले, २०१६ चा डेटा आला अन् उंचवटा गायब. इकडं वेचायले बाया भेटत नाई म्हणून कापूस वावरातच लोंबून राहिला, बोंडअळी जात नाई, अन् आपला देश २०१७ पासून सर्नचा असोसिएट मेंबर म्हणून वर्गणी भरते. तोच पैसा कापसाच्या संशोधनात टाका ना भाऊ.

मास्तर_वर्धा: पैशाचं बाजूला ठेवू, माझी अडचण वेगळी आहे. हे इलेक्ट्रॉनवालं मशीन २४० जीईव्हीवर चालणार, नवा कण झेड नावाच्या जड कणासोबत बनवायचा तर झेडचेच ९१ जातात, उरले १४९. त्याहून जड भाऊ असला तर तो तिथे जन्मालाच येणार नाही. अन् गोल बोगद्यात इलेक्ट्रॉन वळताना एनर्जी इतकी सांडतो, की टकरीची एनर्जी वाढवत नेता येत नाही. त्यापेक्षा प्रोटॉनवालंच मोठं करा.

जिनिंगवाला_पोट्टा: मास्तर, जड भावाचं बरोबर आहे, पण हलका लपलेला असला तर? आमच्या जिनिंगवर ट्रॅक्टर भरलेला काट्यावर चढतो, खाली करून परत चढतो, फरक म्हणजे कापूस, ट्रॉलीत डोकवावं पण लागत नाही. तसंच इथं, टकरीची एनर्जी पक्की माहीत, झेड फुटून निघालेले दोन म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण जड कण) मोजले, वजा केलं की सोबतच्या कणाचं वस्तुमान हातात, मग तो कण कशातही फुटो. प्रोटॉन म्हणजे क्वार्कचं गाठोडं, कोणत्या क्वार्कनं किती एनर्जी आणली तेच कळत नाही, म्हणजे भरल्या गाडीचं वजनच नाही. ९५ जीईव्हीजवळ एलएचसीवरच्या सीएमएस डिटेक्टरला बारीक खूण दिसली आहे, तीन सिग्माच्या (खूण किती पक्की ते सांगणारं माप) आतच, शोध म्हणायला पाच लागतात. तिथं असा काटा लावून पाहायलाच पाहिजे.

अन् जड भाऊ नाही दिसला तरी सातबारा आहे ना. २०१२ ले सापडलेल्या १२५ जीईव्हीवाल्या हिग्जचा झेडशी जुळण्यातला हिस्सा थोडा जरी कमी भरला तर दुसरा वारस आहे समजायचं. दहा लाखांवर हिग्ज बनले की तो हिस्सा टक्क्याच्या आत मोजता येतो.

मास्तर_वर्धा: अन् हिस्सा पूर्ण भरला तर? भाऊ नाहीच, असं तरी कुठं सिद्ध होतं?

जिनिंगवाला_पोट्टा: नाही होत, मान्य. पण चार्जवाले दोघं जोडीनं बनतात, त्यांना वाटणी लागतच नाही. सर्नच्या एलईपी या जुन्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरनं ते साधारण ८० जीईव्हीपर्यंत धुंडाळले, २४० वर १२० पर्यंत जाता येईल, ३६५ वर नेलं तर १८० पर्यंत.

पऱ्हाटीवाला: काट्याचं समजलं भाऊ, मनापासून. पण बोंडअळीचं कोण पाहीन ते पण सांग.