मदत हवी आहे: लेकीला पुण्यातून अमेरिकेत मत देता येईल का?

वैतागलेला_बाबा: लेक १९ची. जन्म अमेरिकेतला, आम्ही तेव्हा एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) होतो. आता इथेच कॉलेजात आहे. नोव्हेंबर २०२६च्या मिड-टर्मला (तिथल्या संसदेच्या निवडणुकीला) मत देणारच म्हणून हटून बसलीये. कुठला फॉर्म? भाषण नको, घाई आहे.

न्यूजर्सीकर: राज्य कुठलं? निघताना शेवटचे कुठे राहत होतात ते सांगा. तिथे मतदान राज्यं चालवतात, सगळं त्यावर ठरतं.

घटनाबाज: आधी ती नागरिक उरलीये का बघा. ट्रम्पने जन्मावरचं नागरिकत्व बंद केलंय.

साता_समुद्रापार: काहीही! तो आदेश १९ फेब्रुवारी २०२५पासून पुढे जन्मणाऱ्यांसाठी, तोही कोर्टांनी अडवला. जन्मावर नागरिकत्व देणारी चौदावी घटनादुरुस्ती १८६८ची. वाँग किम आर्कचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, आईबाप चिनी. १८९५ला चीनहून परतला तर नागरिक नाहीस म्हणून किनाऱ्यावर उतरूच देईनात. १८९८ला सुप्रीम कोर्टात जिंकला.

घटनाबाज: आणि १९२३ला त्याच कोर्टाने भगतसिंग थिंडला नागरिकत्व नाकारलं, त्याचं काय?

साता_समुद्रापार: तो जन्मला पंजाबात. अर्ज करून नागरिक होण्याचा खटला होता तो. कशाला काहीही जोडताय?

वैतागलेला_बाबा: अहो, माझा फॉर्म! न्यू जर्सी, एडिसन. आठ महिन्यांची असताना परतलो. तेवढ्याशा पोरीचा कसला आलाय पत्ता?

न्यूजर्सीकर: तोच पत्ता लावायचा. फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन (परदेशातून मत द्यायचा अर्ज) भरा, दरवर्षी नव्याने. सोशल सिक्युरिटी नंबर काढला होतात ना? पासपोर्ट कुठला?

कोथरूडची_मावशी: ओसीआयवर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांच्या कार्डावर) शेतजमीन विकत घेता येत नाही हं. आमच्या जाऊबाईंचा मुलगा मुळशीत इसार देऊन बसला होता, मग कळलं.

वैतागलेला_बाबा: मावशी, शेतजमीन कोण घेतंय! पासपोर्ट अमेरिकन, ओसीआय आहे, नंबरही आहे.

हिशेबी: मत दिलं की तिथले टॅक्सवाले मागे लागतात.

न्यूजर्सीकर: नुसत्या फेडरल (देशपातळीच्या) निवडणुकीत मत दिल्याने कर वाढत नाही. नागरिक म्हणून जे रिटर्नचं असेल ते तसंही आहेच.

वैतागलेला_बाबा: झालं तर मग. एक शेवटचं. इथल्या मतदार यादीतही नाव आहे तिचं. कॉलेजात सगळ्यांकडून फॉर्म ६ भरून घेतला होता. दोन्हीकडे चालतं ना?

साता_समुद्रापार: हे आत्ता सांगताय?! ओसीआयला इथे मत नाही. त्या फॉर्मवर 'मी भारताची नागरिक' म्हणून सही केलीये तिने. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ३१ वाचा, एक वर्षापर्यंत कैद आहे. मत दिलंय का?

वैतागलेला_बाबा: महापालिकेला. शाईचं बोट दाखवून फोटोही टाकलाय.

न्यूजर्सीकर: आधी वकील गाठा. मग त्यांच्या सल्ल्याने फॉर्म ७ भरून नाव काढा. एडिसनचा अर्ज थांबवू नका, तो हक्क तिचाच आहे.

वैतागलेला_बाबा: वकील इथला की तिथला?