इंग्रजी वाक्याला 'विच' (which) लावून परिणाम सांगायचा की नाही?

गुहागरच्या बाई
एका निवृत्त मुख्याध्यापकांनी परवा लिहिलं: "विच हे वस्तूचं सर्वनाम. वाक्याच्या शेपटाला विच लावून परिणाम सांगणं ही शुद्ध चूक. कारण असेल तर बिकॉज, परिणाम असेल तर सो. मुलांच्या वहीत असलं विच दिसलं की लाल रेघ मारा." खाली शिक्षकांची नमस्कारांची रांग लागली. मला गप्प बसवेना.

गुरुजी, 'द फेरी लेफ्ट लेट, विच मेड अस मिस द एसटी.' यातलं विच फेरीचं नाही, आधीच्या अख्ख्या घटनेचं आहे. इंग्रज लोक शतकानुशतकं असं बोलतात, लिहितात. यात चूक कुठली? पथ्यं आहेत, ती सांगावी: आधी स्वल्पविराम हवा, इथे दॅट चालत नाही, आणि 'व्हॉट मेड अस लेट' तर नाहीच नाही.

आमच्या मुलांची अडचण वेगळीच आहे. मराठीत कारण आधी येतं: 'फेरी उशिरा सुटल्यामुळे एसटी चुकली.' ते इंग्रजीत उतरवताना पोरं 'बिकॉज द फेरी लेफ्ट लेट' एवढंच लिहून पूर्णविराम देतात आणि परिणाम पुढच्या वाक्यात ढकलतात. दरवर्षी दहावीच्या वहीत हीच मोडकी वाक्यं. विच शिकवलं की घटना आधी, परिणाम मागून, असं वाक्य सरळ पुढे जातं. गेल्या आठवड्यात एका मुलाने लिहिलं, 'इट रेन्ड ऑल नाइट, विच फ्लडेड चिपळूण.' मी पूर्ण गुण दिले आणि वर्गात वाचून दाखवलं.

लांज्याचे गुरुजी
ती पोस्ट माझी. बाई, नियमाला अपवाद असतात हे मलाही ठाऊक आहे. पण हे वाचा: 'द बोट हिट द जेटी, विच वॉज बॅडली डॅमेज्ड.' काय मोडलं, होडी की जेटी? व्याकरण म्हणेल जेटी, कारण विचच्या लगत ती आहे. लिहिणाऱ्या मुलाच्या मनात होडी होती. परीक्षक कुणाच्या मनात शिरणार? त्याच जागी विचऐवजी 'कॉझिंग' लावून मोकळे होतात, तिथेही तोच घोळ.

आणि माझा खरा राग 'ड्यू टू विच'वर आहे. 'ड्यू टू विच द मीटिंग इज पोस्टपोन्ड, ड्यू टू विच ऑल आर इन्फॉर्म्ड.' कारकुनी इंग्रजीने आमच्या दोन पिढ्या नासवल्या. एक विच वर्गात घेतलं की त्याच्यामागून ही सगळी वरात आत येते.

बाजारपेठ चिपळूण
इंग्रजीवर बोलण्याइतका शिकलेला मी नाही, पण बाई, त्या पोराचे गुण कापा. 'रात्रभर पाऊस पडला, त्याने चिपळूण बुडालं', इतकं सोपं होतं काय? २२ जुलै २०२१ ला मी दुकानाच्या माळ्यावर होतो. पाऊस होता, मान्य. पौर्णिमा तोंडावर आली होती, म्हणजे उधाणाची भरती. नदीत वर्षानुवर्षांचा गाळ. आणि कोयनेचं वीज करून आलेलं पाणी कोळकेवाडी धरणातून शेवटी वाशिष्ठी नदीतच येतं. तुमच्या एका विचने बाकी सगळं पुसून टाकलं आणि पावसाच्या माथी मारलं.

खेर्डीचा रहिवासी
झालं, आलं कोळकेवाडी! त्या रात्री किती पाणी सोडलं, सोडलं की नाही, याचा हिशेब हातात आहे का तुमच्या? २००५ च्या जुलैतही चिपळूण बुडालंच होतं. पाऊस मी डोळ्यांनी पाहिलाय. इतका पाऊस कुठल्याही नदीने पोटात घेतला नसता.

बाजारपेठ चिपळूण
मग गाळ काढा म्हणून माणसं उपोषणाला उगाच बसली का? नदीचं पात्र उथळ झालं तर तोच पाऊस जास्त उंच चढतो, हे शेंबडं पोरही सांगेल. तुमच्या घरात किती चढलं होतं ते आधी सांगा, मग मला पाऊस शिकवा.

खेर्डीचा रहिवासी
माझ्या घरात चढलं नाही म्हणून मला बोलायचा हक्क नाही? आईला खांद्यावर घेऊन बाहेर काढलंय मी, शेजाऱ्याच्या घरातून. गाळ आहे हे मी कधी नाकारलं? पुरावा नसताना धरणाचं नाव घेऊ नका, एवढंच म्हणतोय.

दापोलीची वकील
दोघंही थांबा, कारण तुमच्या भांडणातच मुद्दा आहे. हे विच एका घटनेला कारण ठरवून मोकळं होतं. 'कदाचित', 'अंशतः' यांना आपण मुद्दाम बसवलं नाही तर त्यात जागा नसते. 'विच हेल्प्ड फ्लड' किंवा 'विच, विथ द हाय टाइड, फ्लडेड' असं लिहिता येतं, पण घाईत कुणी लिहीत नाही. म्हणून फेरी आणि एसटीसाठी विच ठीक. जिथे जबाबदारी ठरायची आहे तिथे मी माझ्या एकाही अर्जात ते येऊ देत नाही. कुणी केलं, कशामुळे झालं, ते कर्ता लावून लिहायचं.

आणखी एक. गुरुजी फक्त शेपटाच्या विचवर बोलले. नामाला चिकटलेलं विच किंवा हूही कारण सुचवतं, तेही न सांगता. 'द ड्रायव्हर, हू हॅड नॉट स्लेप्ट, हिट द पॅरापेट.' झोप झाली नव्हती म्हणून कठड्यावर आदळला, असं वाचणारा आपणहून धरतो. वाक्यात 'म्हणून' कुठेच नाही. उलटतपासणीत मी हे रोज पाहते.

बाजारपेठ चिपळूण
नामाला चिकटलेल्या विचचं निघालंय तर सांगतो. पुरानंतर विम्याच्या क्लेमचं पत्र भाच्याने इंग्रजीत लिहून दिलं. 'द गुड्स विच वेर ऑन द लोअर रॅक्स वेर डॅमेज्ड.' त्याला म्हणायचं होतं की माल खालच्या फळ्यांवर होता, म्हणून भिजला. दुकानात वरच्या फळ्या नव्हत्याच, वर नुसता माळा. सर्व्हेअर म्हणाला, "म्हणजे खालच्या फळ्यांवरचा तेवढाच माल गेला ना? बाकीचा कुठे आहे?" तलाठ्याचा पंचनामा दाखवला, फोटो दाखवले, तरी पत्रातलं वाक्य तो पुन्हा पुन्हा वाचून दाखवायचा. शेवटी हातात आलं ते मागितल्याच्या निम्मंही नव्हतं.

दापोलीची वकील
काका, तिथे दोन स्वल्पविराम राहिले. 'द गुड्स, विच वेर ऑन द लोअर रॅक्स, वेर डॅमेज्ड' म्हणजे सगळा माल, आणि तो खाली होता हे कारण. स्वल्पविराम काढले की त्यातला निवडक माल.

गुहागरच्या बाई
काका, वाचून वाईट वाटलं. आणि म्हणूनच गुरुजी, हे शिकवलंच पाहिजे! त्या भाच्याला कुणी स्वल्पविरामाचा फरक शिकवला असता तर? लाल रेघ मारणाऱ्यांनी तो धडाच गाळला. जो विषय आपण टाळतो तो पुढे क्लेमच्या पत्रात भेटतो.

रत्नागिरी, एमए मराठी
विषय निघालाच आहे तर. हे शेपटाचं विच आता मराठीत घुसलंय. 'परशुराम घाटात दरड कोसळली ज्यामुळे वाहतूक ठप्प झाली.' रोज बातम्यांत हेच. आपल्याकडे 'दरड कोसळल्याने वाहतूक ठप्प' इतकं सुटसुटीत होतं. 'ज्यामुळे' आलं तर त्याच्या जोडीला पुढे 'त्यामुळे' किंवा 'ते' येतं, 'जे पेरलं ते उगवलं' तसं. एकटं 'ज्यामुळे' वाक्याच्या मागे लोंबकळत नाही. मराठीचं मोठं व्याकरण १९११ साली लिहिणारे मोरो केशव दामले म्हणजे मालगुंडच्या केशवसुतांचे सख्खे भाऊ. त्याच मुलखातल्या बातम्यांत हे वाचताना अंगावर काटा येतो.

खेर्डीचा रहिवासी
इथे लोकांची दुकानं बुडाली आणि तुम्हाला 'ज्यामुळे'चा काटा?

रत्नागिरी, एमए मराठी
बुडालेल्यांबद्दल मी एक शब्द वावगा बोललेलो नाही. पण दरड का कोसळली हे बातमीत कधीच नसतं. डोंगर कसा कापला, पाणी जायला वाट ठेवली का, काही नाही. 'ज्यामुळे'च्या पुढे परिणाम येतो आणि बातमी संपते. भाषेचा आणि घाटाचा संबंध नाही असं मला कुणी सांगू नये.

लांज्याचे गुरुजी
या तरुणाशी मी पूर्ण सहमत आहे. बाईंशी नाही, निदान पूर्ण नाही. स्वल्पविरामाचा धडा हवा, ते धरून चालतो. दुकानदारांचं वाचल्यावर नाही म्हणवत नाही. फेरीचं वाक्यही शुद्ध आहे, लाल रेघ मागे घेतो. पण आठवीच्या पोराला आधी बिकॉज धड लिहिता आलं पाहिजे. तुम्ही म्हणता ती मोडकी वाक्यं बिकॉजमुळे होत नाहीत, बिकॉज अर्धवट शिकवल्याने होतात. जोडवाक्य म्हणजे दोन वाक्यं, हे पक्कं झालं की विच त्याच्या मागून येऊ दे. आणि 'ड्यू टू विच'ला माझ्या हयातीत माफी नाही.

गुहागरच्या बाई
क्रम मान्य, गुरुजी. आठवीत बिकॉज, नववीत विच. पण मग नववीच्या शिक्षकांनी 'विच अशुद्ध' म्हणून हात झटकायचे नाहीत, हे तुमच्या त्याच पोस्टखाली लिहा. नमस्कार करणारे तिथेच आहेत. चिपळूणच्या वाक्याचा एक गुण कापते. व्याकरणाचा नाही, विचाराचा. त्या मुलाला काकांचं लिहिणं वाचायला देणार आहे.

बाजारपेठ चिपळूण
ते सगळं ठीक. त्या पत्रात काय लिहायला हवं होतं तेवढं सांगा. इन्व्हर्टरचा एक क्लेम अजून अडकलाय.

दापोलीची वकील
'ऑल द स्टॉक इन द शॉप वॉज डॅमेज्ड बिकॉज फ्लडवॉटर एंटर्ड द शॉप अँड रोझ अबव्ह द रॅक्स.' मालाच्या जागी इन्व्हर्टर घाला आणि तो कुठे ठेवला होता ते लिहा. सोबत पंचनाम्याची प्रत आणि तारीख. विच कुठेही नको.

लांज्याचे गुरुजी
'एंटर्ड'नंतर 'इन टू' लावू नका, एवढं बघा. बाकी वाक्य बिनचूक आहे.