'सपोर्ट नीड्स'ला मराठीत काय? आधार, साहाय्य, मदत?

कानामात्रा: बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी असलेली 'सपोर्ट्स इंटेन्सिटी स्केल' (वय ५ ते १६; रोजच्या कामांत मुलाला किती सपोर्ट लागतो ते पालकांना विचारून मोजणारी प्रश्नावली) मराठीत आणताना 'सपोर्ट'पाशी गाडं अडलंय. प्रत्येक कामाला ० ते ४ असे तीन अंक द्यायचे: सपोर्ट किती वेळा लागतो, दिवसातून किती वेळ, कोणत्या प्रकारचा. मसुद्यात 'आधार' आहे. त्यावर पालक 'भिंतीला धरून चालतो' म्हणतात, नाहीतर पिशवीतून कार्ड काढतात.

उंबरठा: सहाय्य घ्या. रुळलेला शब्द.

शुद्धमती: साहाय्य! सहाय म्हणजे सोबती, त्याचं भाववाचक साहाय्य. 'सहाय्य' असं रूपच नाही.

उंबरठा: सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाला कळवा मग.

तिफण: काना द्या नाहीतर नका देऊ. 'सहाय्य' म्हटलं की अर्थसहाय्य ऐकू येतं आणि 'आधार' म्हटलं की निराधार योजना. मग उत्तरं अनुदानाकडे झुकतात. उलट-भाषांतरात हे सापडत नाही, कारण 'आधार' इंग्रजीत परत नेला की 'सपोर्ट'च येतो आणि समिती खूश. म्हणून पालकांनाच विचारायचं, 'यात तुम्हाला काय विचारलं असं वाटलं?'
खरं तर नामच काढून टाका. प्रकाराची पट्टी आपल्या क्रियापदांत आयती आहे: ० आपलं आपण करतो, १ लक्ष ठेवावं लागतं, २ सांगून-खुणावून करवून घ्यावं लागतं, ३ थोडा हात लावावा लागतो, ४ सगळं करून द्यावं लागतं.

शुद्धमती: शीर्षकाला नाम लागेलच. 'साहाय्य-आवश्यकता'. 'गरज' अरबी आहे.

शेवंती: 'मदत'पण अरबीच, अन् 'सोबत'पण. पण 'सोबत' सोडू नका. लक्ष पोळ्या लाटता लाटता ठेवता येतं. रात्री संडासला सोबत करायला उठावं लागतं. प्रकाराचा अंक दोन्हीकडे १, वेळेचा मात्र वेगळा. आणि आजी, काकू, मोठी बहीण यांनी वाटून घेतलेला वेळ आई मोजतच नाही. 'किती तास?' विचारू नका. सकाळी उठल्यापासूनचा दिवस क्रमाने काढून घ्या.

तिफण: जेवणाचं सर्वांत अवघड. अंक त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा जादा जे लागतं त्याचा. आपल्याकडे सहा वर्षांच्या धडधाकट पोरालाही भरवतात, तेव्हा 'भरवता का?'ला 'हो' आलं तरी काहीच कळत नाही. 'ताट वाढून समोर ठेवलं आणि भरवायला कुणी नसलं तर?' असं विचारा. काटे-चमचे काढून 'एका हाताने पोळीचा तुकडा मोडतो' घातलंत तर उजवी बाजू लुळी असलेलं मूल अडकतं. डाव्या हाताने मोडता येतं, पण घरात डाव्याने जेवू देत नाहीत. मग ४ पडतो, तो हाताचा नव्हे, रीतीचा. 'येतं' आणि 'करू देतात' हे रकाने वेगळे हवेत.

उंबरठा: पोळी? निम्म्या घरांत ती चपाती. पोळी म्हणजे पुरणाची, सणाची.

शुद्धमती: चपाती हिंदीतून घुसलेली.

शेवंती: आणि भाकरी? ती कित्येक घरांत कुस्करून कालवणात खातात. तिथे तुकडा मोडायचा प्रश्नच येत नाही. तिघी छापा, मधे तिरकी रेघ द्या. विचारणाऱ्याने त्या घरात चालतो तोच शब्द उच्चारायचा.

शुद्धमती: तिरकी रेघ ही मूळची मराठी नाही.

कानामात्रा: शीर्षकाचं राहिलंच की हो.