हॉस्टेलमध्ये पुडी सापडली की लगेच कॉलेजातून नाव काढायचं?

रानपाखरू:
भाच्याच्या हॉस्टेलला (पुण्यातलं इंजिनिअरिंग) सेकंड इयरच्या पोराच्या कपाटात गांजाची पुडी नि गोगो पेपर (गांजा गुंडाळून ओढायचा कागद) सापडले, दुसऱ्याच दिवशी आईबापाला गावावरून बोलावून दाखला हातात दिला. मला हे अजिबात पटलेलं नाही. घरी पाठवून नशा सुटते का? उपचाराची अट घाला आणि ठेवा ना त्याला.

वॉर्डनकाका:
बोलायला काय जातंय. मी वॉर्डनकी केलीय. गांजावाला निदान पडून राहतो, एमडीवाला (मेफेड्रोन, रासायनिक नशेची पावडर) पोरगा दोन-दोन रात्री झोपत नाही, जबडा सारखा आवळलेला, मेसला येणं बंद, आणि पैसे संपले की रूम पार्टनरचा लॅपटॉप गायब. त्या पार्टनरच्या आईबापाने काय पाप केलंय? एकाला ठेवला की त्याच्या नादाने अजून दोघं लागतात.

रानपाखरू:
काका, पार्टनरची रूम बदला की, कोण नाही म्हणतंय. पण नाव कापलं जातं हे माहीत असताना कुठला मित्र तुम्हाला येऊन सांगेल की ह्याची तब्येत बिघडलीय? सगळे गप्प बसतात आणि मग थेट आयसीयूतून फोन येतो.

वकिलीणबाई:
१९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा एवढा कडक, पण त्यातही कलम ६४अ आहे. व्यसनी माणूस थोड्याशा मालासकट सापडला आणि स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला तर खटल्यातून सूट मिळते, उपचार अर्धवट सोडले तर ती जाऊ शकते. कायदा थांबतो तर कॉलेजला कसली घाई? विकणारा असेल तर मात्र सरळ पोलिसात द्या.

तांबडा_पांढरा:
गेटसमोरच्या टपरीचं कोणीच बोलत नाही. कॉलेजपासून शंभर यार्डात तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी, राज्यात गुटखा २०१२ पासून बंद, ई-सिगरेट २०१९ पासून बंद, आणि आमच्या गेटवर सगळं मिळतंय. तरी मी काकांच्याच बाजूने. माझ्या धाकट्या भावाला रूममेटनेच सवय लावली, आज कॉलेज सोडून घरात बसलाय, कोणाशी बोलत नाही.

रानपाखरू:
वाचून फार वाईट वाटलं दादा. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात दाखवलंत का? १९८६ पासून हेच काम करतात, घरच्यांशीपण बोलतात. नाहीतर १४४४६ ला फोन करा, सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. तो यायला तयार नसला तरी तुम्ही करा.

वॉर्डनकाका:
उपचार पूर्ण करून आला तर वर्ष ड्रॉप देऊन परत ॲडमिशन द्या, इथपर्यंत मी येतो. पण राहायचं बाहेर, हॉस्टेलला पुन्हा नाही म्हणजे नाही.